मातीची लहान धरणे : फुटण्याची कारणे आणि अभियांत्रिकी उपाय

महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री मुसळधार पावसात फुटले. धरणाखालील भेंदवाडी ही वस्ती पाण्याच्या लोंढ्यात सापडली आणि वीसहून अधिक जण वाहून गेले. धरणाला गळती लागल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी त्यापूर्वीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर, खेकड्यांनी पोखरल्यामुळे धरण फुटल्याचे विधान राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी केले आणि त्यावरून मोठा वाद निर्माण झाला.

मातीची धरणे नेमकी कशामुळे फुटतात, हा प्रश्न त्या वादाने सर्वांसमोर आला. स्थापत्य अभियांत्रिकीत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी निश्चित झालेले आहे. धरण फुटण्याच्या बहुसंख्य घटनांत पाण्याला एक अशी वाट मिळालेली असते, जी अभियंत्याने आखून दिलेली नसते. ती वाट कधी माथ्यावरून, कधी मातीच्या पोटातून, तर कधी पायाखालून जाते. या वाटा आधीच ओळखून पाण्याला सुरक्षित मार्ग करून देणे, हेच मातीच्या धरणाच्या आरेखनाचे सार आहे.

देशातील व्याप्ती

देशात सहा हजारांहून अधिक मोठी धरणे असून त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. यातील बहुतेक धरणे पूर्णतः किंवा अंशतः मातीची आहेत. लहान साठ्यांची संख्या याहून कितीतरी अधिक आहे. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठे गणनेत तळी, तलाव, बंधारे आणि जलसंधारणाची अन्य कामे मिळून २४ लाखांहून अधिक जलसाठ्यांची नोंद झाली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून उभारलेले पाझर तलाव याच परंपरेतील आहेत.

मातीच्या धरणांची परंपरा जितकी जुनी आहे, तितकाच त्यांच्या फुटण्याचा इतिहासही जुना आहे. गुजरातमधील जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेला सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधण्यात आला. इसवी सन १५० च्या सुमारास अतिवृष्टीत त्याचा बांध फुटला. महाक्षत्रप रुद्रदामनच्या शिलालेखात या घटनेची नोंद असून, पडलेल्या खिंडाराची लांबी, रुंदी आणि खोलीही त्यात दिली आहे. दुरुस्तीनंतर तोच बांध पुढे गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळात पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधण्यात आला, असे त्याच खडकावरील दुसऱ्या लेखावरून समजते.

मातीच्या धरणाची रचना

मातीचे धरण म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. त्याच्या मध्यभागी पाणी सहज झिरपू न देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरूम किंवा तत्सम भरड, वजनदार मातीचे कवच असते. गाभा पाणी अडवतो आणि कवच धरणाला स्थैर्य देते. पायाखालून पाणी झिरपू नये म्हणून कठीण किंवा अभेद्य थरापर्यंत खंदक खणून तो चिकण मातीने भरतात. पाण्याकडील उतारावर लाटांपासून संरक्षणासाठी दगडी पिचिंग केलेले असते. खालच्या बाजूच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड यांचा निचरा थर असतो. पुराचे जादा पाणी सांडव्यावरून जाते, तर सिंचनासाठीचे पाणी धरणाच्या तळातून जाणाऱ्या नळीद्वारे सोडले जाते. या नळीच्या दरवाजासह असलेल्या व्यवस्थेस विमोचक म्हणतात.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या मातीच्या धरणांच्या जगभरातील दुर्घटनांचे विश्लेषण २००० साली प्रसिद्ध केले. त्यानुसार सुमारे निम्मी धरणे माथ्यावरून पाणी गेल्याने आणि जवळपास तेवढीच अंतर्गत झीज झाल्याने फुटली होती. उतार घसरल्यामुळे फुटलेल्या धरणांचे प्रमाण शंभरात चार-पाच इतकेच होते. अंतर्गत झिजेच्या सुमारे दोन तृतीयांश दुर्घटना पहिल्यांदा पाणी भरताना किंवा पहिल्या पाच वर्षांत घडल्या होत्या. लहान धरणांतही पाणी याच तीन प्रकारे घात करते. पुढील उदाहरणांपैकी काही धरणे मोठी आहेत. तथापि, त्यांच्या अपयशाची चौकशी सविस्तर झाल्यामुळे कारणे स्पष्ट होण्यास त्यांची मदत होते.

पहिले कारण : माथ्यावरून जाणारे पाणी

काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून काही काळ पाणी वाहिले, तरी ते बहुधा टिकते. मातीच्या धरणाचे तसे नसते. माथ्यावरून उतरणारे पाणी खालच्या उतारावर वेग घेते आणि माती कापू लागते. उतारावर उभी पायरी तयार होते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत पोहोचते आणि माथा खचताच साठलेले पाणी खिंडारातून सुटते. यास कधी काही तास, तर कधी तासाहूनही कमी वेळ लागतो.

गुजरातमधील मोरबीजवळचे मच्छू क्रमांक २ हे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी याच प्रकारे फुटले. मध्यभागी दगडी सांडवा आणि दोन्ही बाजूंना मातीचे बांध अशी त्याची रचना होती. आरेखनात धरलेल्या पुराच्या दुपटीहून अधिक पाणी आल्याने ते मातीच्या बांधांवरून वाहू लागले आणि बांध वाहून गेले. मोरबी शहरात आलेल्या पुरात हजारो लोकांचा मृत्यू झाला. पुढे हे धरण सांडव्याची क्षमता कित्येक पटींनी वाढवून नव्याने उभारण्यात आले.

आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात चेय्येरू नदीवरील अन्नमय्या प्रकल्पाचा मातीचा बांध १९ नोव्हेंबर २०२१ रोजी वाहून गेला. नदीला सांडव्याच्या क्षमतेपेक्षा मोठा पूर आला होता आणि पाच दरवाजांपैकी एक दरवाजा त्या वेळी उघडू शकला नाही. सांडव्याच्या कागदोपत्री क्षमतेइतकीच तिची प्रत्यक्षातील उपलब्धता महत्त्वाची असते, हे या घटनेतून दिसून आले.

लहान धरणांच्या सांडव्यांना सहसा दरवाजे नसतात. परंतु तेथे वेगळ्या अडचणी असतात. जादा पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणे, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळ्या लावणे, सांडव्याच्या वाटेत झुडपे वाढू देणे किंवा अतिक्रमण होणे, या सर्वांमुळे सांडव्याची क्षमता घटते. याशिवाय माथा एखाद्या ठिकाणी खचला असेल, तर पाणी तेथूनच प्रथम ओसंडते. धरणाची संपूर्ण लांबी सुरक्षित असूनही एक सखल जागा त्याच्या नाशास पुरेशी ठरते.

सांडवा किती मोठा असावा, याबाबत भारतीय मानक ११२२३ मध्ये निकष दिलेले आहेत. ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठा आणि साडेसात ते १२ मीटर पाण्याची उंची असलेली धरणे या मानकानुसार लहान गणली जातात. त्यांच्यासाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर विचारात घेतला जातो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का असते. ५० वर्षांच्या कालावधीत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. त्यामुळेच धरणाखाली मोठी वस्ती असल्यास अधिक मोठा पूर गृहीत धरण्याची मुभा मानकात ठेवण्यात आली आहे. लहान धरणाच्या बाबतीत ही तरतूद वापरणे हा आरेखनातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरू शकतो.

दुसरे कारण : अंतर्गत झीज

प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. पाझर असणे हा दोष नव्हे. पाझराबरोबर मातीचे कण वाहून जाऊ लागले, की धोका सुरू होतो. खालच्या बाजूस जेथे पाणी बाहेर पडते, तेथून एक-एक कण निघून जातो आणि पोकळी मागे मागे सरकत जलाशयापर्यंत पोहोचते. धरणाच्या पोटात अशा रीतीने नळीसारखी वाट तयार होते. अभियंते यास ‘पाइपिंग’ म्हणतात. बाहेरून धरण अखेरपर्यंत सुस्थितीत दिसू शकते.

अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टिटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटले. सकाळी गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास धरणास खिंडार पडले. या दुर्घटनेत ११ जणांचा मृत्यू झाला. भेगाळलेल्या खडकालगत सहज वाहून जाणारी बारीक गाळमाती वापरण्यात आली होती आणि तिचे कण अडविणारी पुरेशी गाळणी नव्हती.

अंतर्गत झिजेची सर्वांत धोकादायक जागा म्हणजे विमोचकाची नळी. वर उल्लेखिलेल्या विश्लेषणात, बांधाच्या मातीतून झालेल्या झिजेच्या सुमारे निम्म्या घटना नळीशी संबंधित आढळल्या. गोल नळीच्या खालच्या अंगास माती नीट दाबली जात नाही. नळी कठीण आणि माती मऊ असल्याने दोन्ही सारख्या प्रमाणात खचत नाहीत आणि त्यांच्यामध्ये फट राहते. लोखंडी नळी गंजून भोक पडल्यास पाणी थेट मातीत शिरते.

पुणे जिल्ह्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या पावसाळ्यात धरणात पहिल्यांदाच मोठा साठा होत होता आणि विमोचकाचे काम अपूर्ण होते. नळीतून अनियंत्रित वेगाने वाहणाऱ्या पाण्यामुळे तिला हानी पोहोचली आणि नळीवरचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून माथा सावरण्याचा प्रयत्न केला. मात्र धरण वाचू शकले नाही. त्याच दिवशी खालच्या बाजूचे खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहरात महापूर आला.

नळीभोवती काँक्रीटच्या कडा बसविल्यास पाण्याची वाट लांबते, असे पूर्वी मानले जात असे. प्रत्यक्षात त्या कडांमुळे माती दाबणे अधिक अवघड होते, असे आढळून आले. त्यामुळे आता नळीच्या खालच्या टोकाकडील भागास वाळूच्या गाळणीचे जाड वेष्टन देण्याची पद्धत रूढ झाली आहे.

गाळणीचे शास्त्र

अंतर्गत झिजेवरील खात्रीचा उपाय म्हणजे योग्य आकाराच्या वाळूची गाळणी. तिने पाणी जाऊ द्यावे, पण माती जाऊ देऊ नये. मृदा यांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल टेर्झागी यांनी यासाठी साधा निकष मांडला. वाळूतील १५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात, तो आकार विचारात घ्यावा. मातीतील ८५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात, त्याच्या चार ते पाच पटींहून तो मोठा नसावा. असे असल्यास मातीचे मोठे कण वाळूच्या छिद्रांत अडकतात आणि त्यांच्यामागे बारीक कण अडतात. गाभ्याला भेग पडली, तरी गाळणी कण अडवून धरते आणि भेग मोठी होत नाही.

लहान धरणांच्या कामात खर्च वाचविण्यासाठी बहुधा हीच गाळणी वगळली जाते किंवा तिच्यासाठी जी मिळेल ती वाळू वापरली जाते. धरण पूर्ण झाल्यावर ती दिसत नसल्याने नंतर तपासणेही अवघड असते.

तिसरे कारण : उतार घसरणे

पाण्याने भिजलेली माती आपली ताकद गमावते. उतार फार उभा असेल किंवा निचरा नसेल, तर मातीचा मोठा भाग घसरून खाली येतो. जलाशयाची पातळी एकाएकी उतरल्यास पाण्याकडील उतारही घसरू शकतो, कारण बाहेरचा पाण्याचा आधार जातो आणि आतील माती ओलीच राहते. म्हणून पाण्याकडील उतार एका मीटर उंचीस अडीच ते तीन मीटर आणि खालचा उतार दोन ते अडीच मीटर, असे सौम्य ठेवण्याची प्रथा आहे. प्रत्यक्ष उतार मातीच्या चाचणीवरून ठरवणे आवश्यक असते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात केली बार्न्स हे सुमारे १२ मीटर उंचीचे मातीचे धरण ६ नोव्हेंबर १९७७ रोजी पहाटे फुटले आणि ३९ जणांचा मृत्यू झाला. खालचा उतार अतिशय उभा होता आणि तो भिजून घसरला असावा, असा तपास पथकाचा निष्कर्ष होता. त्यानंतर तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी अधिक धोक्याच्या धरणांच्या तपासणीचे आदेश दिले. सुमारे ८,८०० धरणांच्या तपासणीत जवळपास एक तृतीयांश धरणे असुरक्षित आढळली.

प्राणी, झाडे आणि देखभाल

खेकडे, उंदीर, घुशी आणि साळिंदर हे प्राणी बांधात बिळे करतात, हे खरे आहे. बिळामुळे पाण्याची वाट लहान होते. मोठ्या झाडांची मुळेही घातक असतात. झाड मेल्यावर मुळे कुजून मातीत पोकळ नळ्या राहतात. वादळात झाड उन्मळून पडल्यास बांधाचा मोठा तुकडा उखडला जातो.

तथापि, पुरेशी रुंदी, चांगली दबाई, गाळणी आणि दरवर्षीची देखभाल असलेल्या धरणाला बिळे सहसा नष्ट करू शकत नाहीत. बिळे वेळीच दिसावीत म्हणून उतारावर केवळ आखूड गवत राखले जाते, झुडपे काढली जातात आणि सापडलेली बिळे उकरून योग्य मातीने पुन्हा दाबून भरली जातात. बिळांमुळे एखादे धरण धोक्यात आले असेल, तर ती बिळे इतकी वर्षे कोणाच्या नजरेस का पडली नाहीत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

माती आणि दबाई

सर्व चिकण माती धरणास योग्य नसते. काही मातींत सोडियमचे प्रमाण अधिक असते. अशी माती शांत पाण्यातही विरघळल्याप्रमाणे पसरते आणि बारीक भेगेतूनही वाहून जाते. मातीचे लहान ढेकूळ स्वच्छ पाण्यात ठेवून भोवती गढूळ ढग पसरतो का, हे पाहणे ही त्याची प्राथमिक चाचणी आहे. अशा मातीत चुना मिसळून ती सुधारता येते. दख्खनच्या पठारावरील काळी माती गाभ्यासाठी उपयोगी असली, तरी ती सुकल्यावर भेगाळते. म्हणून तिच्यावर मुरमाचे आवरण असणे आवश्यक असते.

दबाईचे शास्त्र लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातील अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडले. प्रत्येक मातीसाठी ओलाव्याचे एक विशिष्ट प्रमाण असते आणि त्या प्रमाणात ती सर्वाधिक घट्ट दाबली जाते. कोरडी माती दाबली, तर ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात आणि पहिल्यांदा पाणी भरताच ती खचते. माती फार ओली असेल, तर ती रोलरखाली लवचीक होते आणि घट्ट बसत नाही. म्हणून माती साधारण १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत पसरून, योग्य ओलाव्यावर रोलरने दाबणे आणि प्रत्येक थराची घनता तपासणे अपेक्षित असते. केवळ ट्रॅक्टर आणि डंपर फिरवून दबाई झाल्याचे मानणे ही लहान कामांतील सर्रास आढळणारी त्रुटी आहे.

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर येथील कृषी विभागाच्या जलविज्ञान प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बांध उभारून ते मुद्दाम फोडण्याचे प्रयोग झाले आहेत. वालुकामय मातीच्या बांधास अल्पावधीत खिंडार पडते, तर योग्य ओलाव्यावर दाबलेल्या चिकण मातीचा बांध त्याच परिस्थितीत कितीतरी अधिक काळ टिकतो, असे या प्रयोगांत दिसून आले. लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यासाठी मिळणारा वेळ अशा प्रकारे बांधकामाच्या दर्जावर अवलंबून असतो.

धोक्याची लक्षणे आणि तातडीचे उपाय

गळतीचे पाणी स्वच्छ असेल, तर त्याचे नियमित मोजमाप पुरेसे ठरते. पाणी गढूळ येऊ लागले किंवा जलाशयाची पातळी स्थिर असताना गळती वाढली, तर ती तातडीची परिस्थिती समजावी लागते. पायथ्याशी वाळूसह उकळ्या फुटणे, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेगा पडणे, माथा किंवा उतार खचणे, जलाशयात भोवरा दिसणे ही अन्य लक्षणे होत.

खालच्या बाजूने गळती चिकण मातीने बुजविण्याचा प्रयत्न घातक ठरू शकतो, कारण आत अडलेले पाणी दुसरी वाट शोधते. गळतीच्या तोंडावर आधी वाळू, नंतर खडी आणि त्यावर दगड रचल्यास पाणी बाहेर पडत राहते आणि माती मात्र अडते. त्याच वेळी शक्य त्या सर्व मार्गांनी जलाशयाची पातळी उतरविणे आणि खालच्या वस्त्या रिकाम्या करणे आवश्यक असते.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कारम नदीवरील बांधकामाधीन धरणास ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा प्रशासनाने हाच मार्ग अवलंबिला. खालची १८ गावे रिकामी करण्यात आली, लष्करास पाचारण करण्यात आले आणि बाजूने चर खणून पाणी सोडण्यात आले. बांधाचे मोठे नुकसान झाले, मात्र जीवितहानी टळली.

कायदा आणि लहान धरणे

संसदेने संमत केलेला धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर यंत्रणा स्थापन झाल्या असून, तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडे बंधनकारक झाले आहेत. हा कायदा १५ मीटरहून अधिक उंचीच्या धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लांबी, साठा, पूरविसर्ग, पाया किंवा रचना यांविषयीच्या ठरावीक अटींपैकी एखादी पूर्ण होत असेल तरच लागू होतो. १० मीटरपर्यंतच्या धरणांना तो लागू नाही. देशातील असंख्य पाझर तलाव आणि गावतलाव त्यामुळे या चौकटीबाहेर राहतात. त्यांची जबाबदारी जलसंधारण विभाग, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्यात विभागलेली असते. अनेकदा बांधकाम करणारी आणि देखभाल करणारी यंत्रणा वेगवेगळी असते.

धरणाचा धोका केवळ त्याच्या उंचीवरून ठरत नाही. धरणाखाली किती घरे आहेत आणि पाणी तेथवर किती मिनिटांत पोहोचते, यावरून तो ठरतो. लहान धरणासाठी लागणारी गाळणी, पुरेसा सांडवा आणि थराथराची दबाई यांचे तंत्र नवे नाही आणि अवाढव्य खर्चाचेही नाही. पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करणे, उतारावरील झुडपे काढणे, माथ्याची पातळी मोजणे आणि गळतीच्या पाण्याचा रंग व प्रमाण नोंदविणे ही कामे प्रशिक्षित ग्रामस्थही करू शकतात. गावाने दिलेल्या गळतीच्या सूचनेची त्याच दिवशी पाहणी करून जलाशयाची पातळी उतरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे प्रत्येक धरणासाठी आधीच निश्चित असणे तितकेच आवश्यक आहे.